रवळू वाचून दाखवतो

श्री कलमेश्वर मोफत वाचनालयाच्या कार्यकारी मंडळात आम्ही सात जण आहोत. गेल्या वर्षभरात या सात जणांनी मिळून दोन पुस्तकं घरी नेली. एक मी नेलं. दुसरं खजिनदारांनी नेलं, कारण त्यांच्या नातवाला जेवायला बसताना खुर्ची बुटकी पडत होती. तरीही दर वर्धापनदिनाला आमचे अध्यक्ष मारुतीराव व्यासपीठावर डोळे पुसतात आणि समाजाची वाचनाची आवड मेली असं सांगतात. ती कुणी मारली, हे विचारायला कुणी उठत नाही. भाषणानंतर उप्पीट असतं.

मी विनोदिनी. शाळामास्तरीण म्हणून जन्म काढला, निवृत्त झाले आणि मंडळात 'एक तरी बाई असावी' म्हणून मला घेतलं गेलं. पाहुण्यांना गुलाब द्यायचा, समईसाठी काडेपेटी शोधायची आणि सभा संपली की सह्यांचे कागद अध्यक्षांपुढं सरकवायचे, एवढी माझी कामं. मी ती बिनबोभाट करते. म्हणजे माझ्याबद्दल फार चांगलं मत करून घ्यायचं कारण नाही.

पण या मंडळाचं चरित्र लिहायची माझी इच्छा नाही, तेवढी त्याची लायकीही नाही. मला रवळूबद्दल सांगायचं आहे.

रवळू वाचनालयाचा शिपाई. कागदोपत्री शिपाई, प्रत्यक्षात ग्रंथपाल, झाडूवाला, पहारेकरी आणि बाइंडर. गाव सांबरा. सातवीपर्यंत मराठी शाळा, पुढं जवळच्या कानडी हायस्कुलात दहावी. घरचं शेत तीन भावांत वाटलं तेव्हा याच्या वाट्याला बांधच जास्त आला, म्हणून बाविसाव्या वर्षी सायकल मारत बेळगावात आला आणि आमच्या दारात उभा राहिला. आज छप्पन्न वर्षांचा आहे. सायकलीची मोपेड झाली, एवढीच काय ती त्याची बढती.

सकाळी तो वर्तमानपत्रांची पानं सुटी करतो. एक पेपर घेऊन एकच माणूस तासभर बसू नये म्हणून ही त्याचीच युक्ती. निधनवार्तांचं पान म्हाताऱ्यांच्या बाकावर, नोकऱ्यांचं पान खिडकीपाशी परीक्षेच्या पोरांना, बाजारभावाचं पान दाराशी. दहा वाजता कोर्टाची तारीख असलेली माणसं पंख्याखाली बसायला येतात, त्यांनाही तो उठवत नाही. आमचे कार्यवाह नागेंद्र यांना ही गर्दी आवडत नाही. ते म्हणतात, वाचनालयात वाचकच यावेत. ते स्वतः महिन्यातून एकदा येतात, सभेला.

शनिवारी दुपारनंतर मात्र खरं वाचनालय भरतं. शनिवार बाजाराचा दिवस. एक-दीडला गिऱ्हाईक ओसरलं की भाजी विकायला आलेल्या बाया एकेक करून आमच्या मागच्या व्हरांड्यात येऊन बसतात. बुट्टीत कोथिंबिरीखाली प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले कागद असतात. रेशनची चिठ्ठी, लाइटचं बिल, पोराच्या शाळेची सूचना, तलाठ्याकडचा उतारा. सगळं कानडीत. या बाया घरात मराठी बोलतात, बाजारात कानडी बोलतात, वाचता मात्र दोन्ही येत नाही किंवा मराठीच तेवढं येतं. रवळू वाचून दाखवतो.

वाचायची त्याची एक रीत आहे. आधी सगळा कागद मनात वाचायचा. मग ओळीखाली बोट ठेवून एकेक ओळ मराठीत सांगायची. एकही ओळ गाळायची नाही, 'ते काय न्हाय, सोडा' असं म्हणायचं नाही. चांगली बातमी असो की वाईट, आवाज तोच. शेवटी समोरच्याकडून तारीख वदवून घ्यायची. "कवा जायाचं सांगा बघू?" बाईनं बरोबर तारीख सांगितल्याशिवाय कागद परत मिळत नाही. बदल्यात तो काही घेत नाही. कुणी दोन नवलकोल ठेवून जातं, ते तो घरी नेतो.

आता फोनवर भाषांतर होतं, असं आमचे खजिनदार म्हणतात. त्यांनी एकदा एका बाईच्या रेशनच्या कागदाचं करूनही दाखवलं. 'आपण मयत आहात, अंगठा देऊन खात्री करावी' असं आलं. बाई रडायलाच लागली. खजिनदार म्हणाले, तंत्रज्ञान अजून सुधारतंय.

गेल्या वर्षी पाट्यांवरून गावात गडबड झाली. वाचनालयाच्या पाटीवर वर मोठ्या अक्षरात कानडी आणि खाली मराठी असं करायची वेळ आली. मंडळाला फार राग आला. राग मलाही आला. शंभर वर्षांची आमची पाटी होती ती. पण पाटीचं काही करता येईना, तेव्हा आमच्या शूरांनी आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा उद्योग केला. वाचनालयात येणारं एकमेव कानडी वर्तमानपत्र बंद करण्याचा ठराव आला. जोडीला दुसरं कलम, 'कर्मचाऱ्याने वाचनालयाच्या आवारात परभाषेतील कागद वाचू अगर वाचून दाखवू नयेत.' परभाषेत इंग्रजी धरली नव्हती. मारुतीरावांचा नातू कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत जातो आणि त्याला मराठी अक्षरं जोडून वाचता येत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. ठराव एकमतानं मंजूर झाला. एकमतात माझंही मत होतं.

रवळूला ठराव वाचून दाखवला. तो म्हणाला, "बरं."

दुसऱ्या दिवसापासून तो कानडी पेपर स्वतःच्या पैशानं घ्यायला लागला आणि दुपारच्या सुट्टीत फाटकाबाहेरच्या पायरीवर बसून वाचायला लागला. पायरी रस्त्याच्या हद्दीत येते, आवारात नाही. शनिवारच्या बायाही व्हरांड्यातून उठून पायरीवर गेल्या. उन्हात बसायच्या. आम्ही सभेला जाताना त्यांच्यामधून वाट काढत आत जायचो.

त्या पायरीवरच त्यानं ती जाहिरात वाचली. नव्या वळणरस्त्यासाठी जमिनी घेणार, त्याची जाहीर नोटीस. पानभर बारीक अक्षरात गावं, सर्व्हे नंबर, नावं. ज्यांची हरकत असेल त्यांनी एकवीस दिवसांत लेखी कळवावं. सरकारचंही काही कौतुक नको. ज्याच्या रानातून रस्ता काढायचा त्याला कळेल अशा भाषेत चार ओळी छापायला काही कुणाचे हात मोडले नसते. पण सरकारनं छापलं नाही, आणि आम्ही छापलेलंही बंद केलं.

रवळूनं जुन्या सूचिकार्डांच्या पाठीवर नावं उतरवून घेतली. पुढचे चार दिवस तो रोज संध्याकाळी मोपेड घेऊन सांबऱ्याच्या बाजूला जात होता. दारोदार जाऊन उंबऱ्याबाहेर उभा राहून वाचून दाखवत होता. अकरा जणांनी हरकती लिहून दिल्या, म्हणजे त्यानं लिहिल्या आणि त्यांनी सह्या केल्या. काही जणांनी त्याला हाकलून दिलं. शिपायाचं ऐकून कोण कचेरीत जातो?

बारावं नाव अडलं. तो नंबर जयाबाई कसत होती.

जयाबाई म्हणजे आमच्या मारुतीरावांची भावजय. नवरा जाऊन अठरा वर्षं झाली. मूलबाळ नाही. त्या दीड एकरात ती कोथिंबीर, बीन्स, नवलकोल काढते आणि शनिवारी बुट्टी घेऊन बाजारात बसते. दुसरं तिला काही नाही. पण उताऱ्यावर नाव एकट्या मारुतीरावांचं. भावाचा हिस्सा भावजयीच्या नावावर करायचं ते अठरा वर्षं 'करू की, घाई काय' म्हणत होते. त्यामुळं हरकतीवर सही लागणार होती त्यांची. रस्ता त्या दीड एकराच्या मधोमध जात होता आणि तिच्या हातात एकवीस दिवस होते.

जयाबाई दिराकडे गेली. मारुतीरावांनी तिला चहा दिला आणि कागद न बघता परत दिला. जयाबाईनं आणलेल्या कुठल्याही कागदावर सही करायची नाही, हे त्यांचं जुनं व्रत. उगाच सही करायला जावं आणि हिस्सा हातातून जावा, ही भीती.

मग रवळू गेला. त्या दिवशी काय झालं ते त्यानंच मला सांगितलं.

"आप्पा, तुमच्या नावचा नंबर आलाय नोटिशीत," तो दारातूनच म्हणाला.

"कुठल्या नोटिशीत?"

"पेपरात आलतं. कानडी पेपरात."

मारुतीराव उठून उभे राहिले. "कानडी पेपर तू कुठं वाचलास?"

"पायरीवर. आप्पा, एकवीस दिसांची मुदत हाय. त्यातलं सहा—"

"कामाच्या वेळेत वाचलास?"

"सुट्टीत वाचलं. आप्पा, रान जातंय वो."

"रानाचं माझं मी बघतो. ठराव झालाय ठाऊक हाय न्हवं तुला?"

दोन दिवसांनी रवळूला मेमो मिळाला. ठरावाचा भंग केल्याबद्दल लेखी खुलासा करावा आणि सदर वर्तमानपत्र पुरावा म्हणून सोबत जोडावं. मेमोचा मसुदा नागेंद्रनी केला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रवळूनं ते पान जोडलं. मारुतीरावांच्या नावाखाली लाल पेन्सिलीची रेघ मारून जोडलं.

खुलाशाच्या सभेला एकोणिसावा दिवस उजाडला. त्याआधीची तारीख सोयीची नव्हती, खजिनदारांकडे बारसं होतं. मी फाटकाशी आले तेव्हा जयाबाई पायरीवर बसली होती. शनिवार नव्हता, बुट्टीही नव्हती. मांडीवर एक कागद होता.

"बाई, सही करतील का वो आज?" तिनं विचारलं. "रवळूअण्णानं सगळं लिवलंया. सहीच तेवढी ऱ्हायलीया."

मी कागद मागून घेतला. आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मंडळात मी कधी सांगितली नव्हती. मला कानडी वाचता येतं. खानापूर भागात बारा वर्षं नोकरी केली तेव्हा खात्याची परीक्षा द्यावी लागली, ती मी पहिल्या झटक्यात पास झाले. पण बेळगावात बदलून आल्यावर ते मी लपवून ठेवलं. ज्या लोकांची मला काडीची किंमत वाटत नाही, ते काय म्हणतील म्हणून लपवलं. याहून मूर्खपणा काय असतो मला माहीत नाही.

हरकतीचा अर्ज मी सावकाश वाचला. एका ओळीपाशी थांबले आणि रवळूकडे बघितलं. तो फाटकाची कडी पुसत होता.

"रवळू, ही ओळ तुझ्या मनानं घातलीस?"

"खरं हाय ते लिवलंय, बाई. खोटं आसंल तर खोडा."

मी खोडलं नाही. कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि आत गेले.

सभा झकास झाली. रवळू दाराशी उभा. पुराव्याचं पान टेबलावरून फिरलं. खजिनदारांनी चष्मा लावून ते दोन्ही बाजूंनी पाहिलं. नागेंद्र म्हणाले, "प्रकार गंभीर आहे." दुसऱ्या एका सभासदानं पान उलटं धरलं होतं, तोही गंभीर झाला. सहा शिकले-सवरलेले पुरुष अध्यक्षांच्या जमिनीची नोटीस हातोहात देत होते आणि एकाच्याही मनात आलं नाही की यात आहे तरी काय. लाल रेघेकडे बघून खजिनदार म्हणाले, पेपर खराबही केलाय.

पान माझ्याकडे आलं. तिथं होतं सगळं. गाव, नंबर, मारुतीरावांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

"यात काय लिहिलंय ते कुणीतरी वाचावं, असं मला वाटतं," मी म्हणाले.

मारुतीराव हसले. समजूतदार माणूस बाईमाणसाकडे बघून हसतो तसं. "विनोदिनीबाई, त्यात काय लिहिलंय यावर आपण बसलेलो नाही. ते का वाचलं, यावर बसलोय."

सगळे माना डोलवत होते. तेव्हा माझं डोकं एकदम थंड झालं. मी तिथं सांगू शकले असते. मी ते पान खडाखडा वाचून दाखवू शकले असते. मग त्यांनी हरकतीचा अर्ज मागितला असता, कुणाकडून तरी वाचून घेतला असता आणि सही झाली नसती. या माणसाला सांगून काही मिळणार नव्हतं. न सांगूनच मिळणार होतं. मी पान पुढं सरकवलं.

रवळूला लेखी ताकीद देण्याचं ठरलं. चहा आला. मी नेहमीप्रमाणे सह्यांचे कागद घेऊन मारुतीरावांच्या शेजारी उभी राहिले. मागच्या सभेचं इतिवृत्त. सही. ताकीद. सही. दिवाबत्तीची पावती. सही. मग पर्समधला कागद.

"हे काय?"

"रवळूच्या प्रकरणातलं आहे. कानडीत आहे."

मी खोटं बोलले, असं म्हणायला हरकत नाही. पण रवळूचंच प्रकरण होतं ते.

"त्याच्याकडं बघायचीसुद्धा इच्छा नाही," मारुतीराव म्हणाले आणि बघितलं नाही. झोकात सही केली, खाली दोन टिंबं दिली. त्यांना स्वतःच्या सहीचं फार कौतुक आहे.

मी बाहेर येऊन कागद जयाबाईच्या हातात दिला. तिला आपल्या दिराची सही ओळखता येत होती. तिनं पदरानं ती टिपली, शाई ओली नव्हती तरी. दुसऱ्या दिवशी सकाळी रवळूनं अर्धी रजा टाकली आणि कचेरीत अर्ज देऊन पोच घेतली. विसावा दिवस.

महिन्यानं त्या बाजूला मोजणीची माणसं आली. ज्यांनी हरकती दिल्या नव्हत्या त्यांच्या उभ्या पिकात दगड रोवले गेले. त्यातले दोघे आमच्याच वाचनालयाचे आजीव सभासद निघाले. हरकतवाल्या बारा रानांत सुनावणी होईपर्यंत कुणी पाऊल टाकलं नाही. जयाबाईनं नवलकोलची नवी रोपं लावली. मंडळानं त्या महिन्यात काय केलं म्हणाल तर 'वाचाल तर वाचाल' असा फलक रंगवून घेतला.

आणि मग एका मंगळवारी दुपारी, वाचनकक्षात कुणी नसताना, मारुतीराव आले. मी मागच्या कपाटांच्या रांगेत पुस्तक शोधत होते, त्यांना दिसले नाही. त्यांनी दार लोटून घेतलं. शर्टाच्या आतून एक लांब पाकीट काढलं. चाळीस वर्षं सार्वजनिक कामात घालवलेला हा माणूस आजवर असले कागद कुणाकडून वाचून घेत होता कोण जाणे. त्या दिवशी दुसरं कुणी मिळालं नसावं, किंवा दुसऱ्या कुणाला कळू द्यायचं नसावं.

"रवळू, हे बघ काय हाय ते."

रवळू जागचा हलला नाही. "ठराव हाय, आप्पा. आवारात वाचू न्हाय."

मारुतीरावांनी पाकीट त्याच्यापुढं धरलं. मग म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. वाच."

रवळूनं पाकीट घेतलं. नेहमीच्या रीतीनं आधी सगळं मनात वाचलं. मग खुर्ची पुढं ओढून मारुतीरावांना बसायला दिली, कागद टेबलावर ठेवला आणि ओळीखाली बोट धरलं.

"तुम्ही दिलेल्या हरकतीची सुनावणी लागलीया. बावीस तारखेला, सकाळी अकराला. सोता हजर ऱ्हायाचं."

"मी? मी कवा हरकत दिली?"

"दिलीसा की. हितंच, ह्या टेबलावर. अर्जाची नक्कल जोडलीया संगट. वाचू?"

पंखा फिरत होता. मी हातातलं पुस्तक छातीशी धरून उभी होते आणि मला जराही दया येत नव्हती.

"वाच," मारुतीराव म्हणाले.

रवळूचं बोट खालच्या कागदावर आलं. आवाज तोच, रेशनची चिठ्ठी वाचायचा.

"'सदर जमिनीतनं रस्ता काढायला माझी हरकत हाय. ही जमीन वडिलार्जित असून ह्यात माझ्या मयत भावाचा निम्मा हिस्सा हाय. तो त्याची बायको जयाबाई हिचा हाय, आणि मला तो कबूल हाय. अठरा वर्सं सगळी जमीन तीच कसत्या. तिला पोटाला दुसरं साधन न्हाय.'"

बोट थांबलं. मारुतीराव कागदाकडे बघत होते. त्यातलं एकही अक्षर त्यांना लागत नव्हतं, तरी ते फार वेळ बघत होते.

"पुढं वाच," ते म्हणाले.

"पुढं काय न्हाय, आप्पा," रवळू म्हणाला. "पुढं तुमची सही हाय."